सुभेदारांची दुनळी

आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या त्या वाडीत महिपती उतेकरांच्या घरी मुलगी बघायला जाणाऱ्याला आधी बंदूक बघावी लागे. ही गोष्ट सगळ्या पोलादपूर पट्ट्याला ठाऊक झाली होती आणि लोक पोट धरून हसत होते. हसणाऱ्यांचं काय जातंय? जिचं लग्न त्या बंदुकीपायी अडून बसलं होतं, त्या आवडीला हसू येत नव्हतं.

महिपती जर्मनच्या दुसऱ्या लढाईनंतर सुभेदार होऊन घरी आले, तेव्हा त्यांनी पेन्शन आणली, मिशा आणल्या आणि ती बंदूक आणली. पलटणीतल्या गोऱ्या कर्नलनं विलायतेला जाताना त्यांना ती बक्षीस दिलेली. बारा बोअरची दुनळी, दस्त्याला अक्रोडाचं लाकूड, बाजूच्या पोलादावर पळणाऱ्या हरणांची नक्षी. घोडे बाहेर दिसत नसत, सगळी करामत आत. कुलाब्याच्या कलेक्टर कचेरीतून परवाना काढून सुभेदारांनी ती ओटीवरच्या खुंटीला टांगली आणि त्या दिवसापासून घरात दोन बायका झाल्या. हे आमचं म्हणणं नाही, राहीबाईंचं आहे. बायको तापानं फणफणली असता सुभेदार बंदुकीला तेल पाजत बसले होते, तेव्हा ती माउली म्हणाली होती की सवत तरी कधीमधी आजारी पडते, ही मेली ती पण पडत नाय.

बंदुकीचे कायदे होते. दुसऱ्याची बंदूक आपणहून मागू नये. दिली तर दोन्ही हातांनी घ्यावी. तोंड माणसाकडे कधीच नाही, एक तर आभाळाकडे नाही तर जमिनीकडे. बोट कळीच्या, म्हणजे चापाच्या, बाहेर. आणि सगळ्यात मोठा कायदा हा, की हातात आल्याबरोबर उघडून नळ्या बघाव्यात. देणारा बाप असो, गुरू असो, रिकामी आहे असं शपथेवर सांगत असो, तरी उघडून बघावी आणि देणाऱ्यानं त्याचा राग मानू नये. घरची बंदूक शेतावर जाऊन आली तरी ओट्यावर धन्यासमोर उघडायची आणि मगच खुंटीला लावायची.

कायदे चांगले होते. पण सुभेदार ते कुणाला सांगत नसत. परीक्षा घ्यायची आणि धडा शिकवायचा नाही, ही आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांची जुनी खोड. नापास झालेल्याला आपण कशात नापास झालो तेही कळू द्यायचं नाही, म्हणजे दरारा राहतो.

पहिलं स्थळ आलं ते विन्हेऱ्याकडचं. पोहे झाले, आवडीला चालून दाखवायला लावलं, सुईत दोरा ओवायला लावलं. हे सगळं सुभेदारांनी मुकाट पाहिलं आणि मग खुंटीवरची बंदूक काढून नवऱ्यामुलाच्या हातात दिली. मुलगा खूश झाला. त्यानं ती खांद्याला लावली, एक डोळा मिटला आणि नेम धरला तो थेट माजघराच्या दारावर, जिथं राहीबाई उभ्या होत्या. सुभेदारांनी बंदूक काढून घेतली आणि पानसुपारी मागवली. दुसऱ्या स्थळाचा मुलगा घरंदाज होता. त्यानं बंदूक दोन्ही हातांनी घेतली, शस्त्र म्हणजे देव म्हणून डोळे मिटून नळीची तोंडं कपाळाला टेकवली आणि भक्तिभावानं नमस्कार केला. सुभेदारांचा चेहरा पांढरा पडला. पाहुणे गेल्यावर ते राहीबाईंना एवढंच म्हणाले, "ह्यो पोरीला रांडकी करंल."

गावाला मात्र उलटंच कळलं. पोरानं नमस्कार केला तरी सुभेदारांनी नाकारला, म्हणजे नमस्कार नीट केला नसेल, असा अर्थ निघाला. आमच्या लोकांना नमस्कार कमी पडला असंच नेहमी वाटतं, अक्कल कमी पडली असं कधी वाटत नाही.

सुरुवातीला आवडीला बापाची ही तऱ्हा आवडली होती, हे खरं सांगायला हवं. परकी माणसं येतात, जनावर पारखावं तसं आपल्याला चालवतात, दात बघायचे तेवढे बाकी ठेवतात. मग त्यांच्या पोरालाही कुणी तरी पारखावं, हे तिला बरं वाटलं. पण दोन माघ उलटले. बरोबरीच्या पोरी कडेवर पोर घेऊन माहेरी यायला लागल्या. पाणवठ्यावर बायका विचारायला लागल्या, काय गो आवडे, तोफ आली काय घरात, का अजून बंदुकीवरच भागतंय?

आणि मग सुभेदारांचे थोरले भाऊ गोमाजी मधे पडले. गोमाजी शेती बघत, भावाच्या बंदुकीनं डुकरं हाकत आणि घरात शेवटचा शब्द त्यांचा असे. त्यांनी पोलादपूरचा एक बिजवर हेरून ठेवला होता. बायको बाळंतपणात गेलेली, दोन पोरं, किराणा मालाचं दुकान, वय आवडीच्या दुपटीला टेकलेलं. गोमाजींनी सांगितलं की आता एक स्थळ बघ, ते मोडलं तर पोरगी पोलादपूरला जाईल. सुभेदारांनी थोरल्या भावाला शब्द दिला. सरकारचा हुकूम मोडणारा माणूस एक वेळ सापडेल, थोरल्या भावाचा शब्द मोडणारा आमच्याकडे जन्मायचा आहे. आवडीला कुणी विचारलं नाही. ती माजघरात वालाच्या शेंगा सोलत होती आणि तिला सगळं ऐकू आलं.

ते शेवटचं स्थळ म्हणजे मुरारी. महाडला एस्टीत तिकिटाच्या खिडकीवर बसणारा, आईबाप लहानपणीच गेलेले, काका कोंडाजीनं वाढवलेला. काका-पुतणे सकाळच्या गाडीनं पोलादपूरला उतरले आणि तिथून चालत वाडीवर आले. दाराच्या फटीतून आवडीनं पाहिलं. मुरारी सावळा, उंच, जरा वाकून चालणारा. ओट्याशी आल्यावर त्यानं काकाच्या पायांवर आधी पाणी ओतलं, मग स्वतःच्या. बिजवरालाही तिनं एकदा बाजारात पाहिलं होतं. तो गिऱ्हाइकाशी बोलताना कान कोरत होता. आवडीनं ग्रामदेवीला काही बोलण्याच्या आत तिचे हात आपोआप जोडले गेले होते.

कोंडाजी म्हणजे तोंडाळ माणूस, पण तयारी करून आलेला. सुभेदारांच्या बंदुकीची कीर्ती महाडपर्यंत गेलेली. त्यानं वाटभर पुतण्याला पढवलं होतं की बंदूक मिळाली की दोन्ही हातांनी घे, कपाळाला चांगली घट्ट लाव, परत दे, आणि मधे तोंड उघडू नकोस. म्हणजे ज्या गोष्टीपायी मागचा पोरगा नापास झाला, तीच हा माणूस घोकून आणत होता.

चहा झाला. आवडी पाटावर मान खाली घालून बसली. कोंडाजीनं नाव विचारलं, शिवण येतं का विचारलं, भाकरी हातावर थापते का परातीत हे विचारलं. मुरारी काही विचारत नव्हता. मग कोंडाजी स्वतःच हसत म्हणाला की सुभेदार, आता तुमची ती लाडकी दाखवा, तिचं नाव फार ऐकलंय.

सुभेदार उठले. खुंटीवरून बंदूक काढली. त्यांचा अंगठा सवयीनं बंदूक उघडायच्या वरच्या पट्टीवर गेला. तेवढ्यात खांबाला टेकून बसलेले गोमाजी म्हणाले, "रिकामी हाय रे. बिनघोर दे."

आवडीनं तो अंगठा पाहिला. पट्टीवर गेलेला अंगठा तिथंच थांबला आणि मागे आला. पाहुण्यांसमोर थोरल्या भावानं रिकामी म्हटल्यावर धाकट्यानं उघडून बघणं म्हणजे त्याला खोटं पाडणं. ज्या माणसानं आल्यागेल्याला बंदुकीच्या शिस्तीवर पारखलं, तो स्वतः तिथं अडला. त्यानं न उघडता ती मुरारीच्या हातात दिली.

आणि त्याच क्षणी आवडीला सकाळ आठवली. ती पाणवठ्यावर असताना वालाच्या मळ्यात बार झाला होता. एकच बार. नाना, म्हणजे गोमाजी, दोन्ही नळ्या भरल्याशिवाय बांध ओलांडत नसत. डुक्कर निसटलं म्हणून शिव्या घालत ते परत आले, तेव्हा तिचे आबा मागच्या दारी आंघोळीला बसले होते. नानांनी बंदूक तशीच खांद्यावरून खुंटीवर चढवली आणि पाहुण्यांसाठी कोंबडी धरायला परसात गेले. ओट्यावर उघडली नाही. तिनं पाहिलं होतं. तेव्हा तिच्या हातात हंडा होता आणि डोक्यात चुलीवरचं दूध.

एक नळी उडवली की दुसरी तशीच भरलेली राहते, हे तिला बापाच्या मांडीवर बसून कळलं होतं.

आता तिनं काय करावं? बघायला आलेल्या पोरीनं विचारल्याशिवाय बोलू नये. त्यातून बोलायचं काय, तर बाप चुकला आणि थोरला चुलता खोटं बोलला. दोन वडीलधाऱ्यांना परक्या माणसांसमोर खोटं पाडणारी पोरगी कोण करून घेणार? स्थळ मोडणार आणि संध्याकाळपर्यंत पोलादपूरला निरोप जाणार. गप्प बसलं तर कदाचित काहीच होणार नाही. पोरगा नमस्कार करेल, बंदूक परत देईल, आबा तोंड वाकडं करतील. शंभरातल्या नव्व्याण्णव घरांत पोरी अशाच गप्प बसतात आणि त्याला आपण संस्कार म्हणतो.

मुरारीनं बंदूक दोन्ही हातांनी घेतली होती. एक हात नळीला, दुसरा दस्त्याच्या मानेशी, बोटं कळीच्या अगदी जवळ. त्यानं डोळे मिटले. नळ्यांची तोंडं वर येऊ लागली.

"थांबा," आवडी म्हणाली. "ती भरलेली हाय."

गोमाजी खांबापासून सरळ झाले आणि म्हणाले की मी रिकामी म्हणून सांगितलं ना. राहीबाई दारातून दबक्या आवाजात म्हणाल्या, गप गो, गप बस. कोंडाजीला तर हे आयतंच मिळालं. त्यानं सुभेदारांकडे बघत विचारलं, "तुमच्याकडं पोरगी बोलते आणि बापये ऐकतात, असा रिवाज हाय काय?"

सुभेदार आवडीकडे बघत होते.

राहिला मुरारी. त्याच्या हातात बंदूक, डोळे आता उघडे. एका बाजूला तीन वडीलधारी माणसं, दुसऱ्या बाजूला पाटावरची पोरगी. त्यानं काकाकडे पाहिलं नाही. बंदूक होती तिथं धरून ठेवली आणि आवडीला विचारलं, "मला उघडता येत नाय. कशी उघडायची?"

आवडीनं आजवर कुठल्या पुरुषाच्या तोंडून "मला येत नाय" ऐकलं नव्हतं. तिच्या घरातले पुरुष बुडत असते तरी पोहता येतं म्हणाले असते.

"बोटं मागं घ्या आधी," ती म्हणाली. "तोंड अंगणाकडं करा, खाली. आता वर अंगठ्याखाली पट्टी हाय, ती बाजूला सारा."

मुरारीनं सांगितलं तसं केलं. अंगणात एक कोंबडी होती, ती बाजूला पळाली. पट्टी सरकली, बंदूक कमरेत मोडावी तशी मोडली आणि दोन काडतुसांची पितळी बुडं वर आली. एकाच्या मधोमध ठोक्याचा खळगा पडला होता. दुसऱ्याचं बूड कोरं होतं, गुळगुळीत.

सुभेदार पुढे आले. त्यांनी ते कोरं काडतूस ओढून काढलं आणि तळहातावर धरलं. डुकरासाठीचं होतं ते, आत मोठे छर्रे. मग ते जागेवरच खाली बसले. कोंडाजीनं काडतूस पाहिलं, पुतण्याचं कपाळ पाहिलं आणि मुरारीचा दंड धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

"दादा," सुभेदार शेवटी म्हणाले, "तू रिकामी म्हणालास."

"म्हणालो खरा," गोमाजी म्हणाले. त्यांनी डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. "डुकराच्या रागात इसारलो."

यावर भांडण व्हायला हवं होतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी झालंही असतं. पण भरलेल्या नळीसमोरून माणूस धड सुटला की घरातल्या सगळ्यांच्याच अंगातला ताठा उतरतो. राहीबाई बाहेर आल्या, पदरानं डोळे पुसत, आणि कुणाला काय द्यावं ते न कळून त्यांनी सगळ्यांना पाणी दिलं. कोंडाजी दोन तांबे प्यायला. मग तो हसायला लागला. हसणं थांबेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हणाला की वाटभर मीच ह्याला सांगत आलो, कपाळाला घट्ट लाव, घट्ट लाव. माझ्यासारखा काका असल्यावर वैरी कशाला पायजे. गोमाजींनाही हसू फुटलं, आणि मग ती दोन म्हातारी माणसं, मघाशी आवडीच्या बोलण्यावर उठलेली, खांबाला टेकून खोकेपर्यंत हसली.

सुभेदार मात्र सुभेदारच. काडतूस खिशात घालून, घसा खाकरून ते मुरारीला म्हणाले की पोरा, तू शहाणा आहेस, पण खरं सांगायचं तर तू आपणहून उघडली नाहीस.

राहीबाईंनी कपाळाला हात लावला. आवडी पाटावरून उठली. आता एवढं बोलून झालं होतं, तर राहिलेलं कशाला गिळायचं?

"आबा, तुमी तरी कुठं उघडली?"

सुभेदारांनी तिच्याकडे पाहिलं. रागावतील, असं सगळ्यांना वाटलं. त्यांच्या मिशा थरथरल्या, पण ते रागावले नाहीत. सहा वर्षांची आवडी त्यांच्या मांडीवर बसून रिकामी बंदूक उघडायची आणि दोन नळ्यांतून आभाळ बघायची. ते पोर त्यांना त्या घटकेला आठवलं असावं. ते म्हणाले की खरं हाय, आज इथं एकच पास झाली, बाकी आपण सगळे नापास.

मग त्यांनी मुरारीला जवळ बसवलं आणि बंदुकीचे सगळे कायदे त्याला तोंडानं सांगितले, पहिल्यांदाच कुणाला तरी. आधीच्या दोघांना सांगितले असते तर त्या बिचाऱ्यांची अब्रू वाचली असती, पण ते असो. मुरारीनं ऐकून घेतलं आणि साफ सांगितलं की मला बंदूक आवडत नाही, पुन्हा धरायची वेळ नाही आली तर बरं. सुभेदारांना हे रुचलं नाही हे दिसत होतं. पण जो भितो तो नेम धरून बंदूक माजघराकडे तरी वळवत नाही, एवढं त्यांच्या ध्यानात आलं.

कोंडाजी आता विषय काढायला आतुर होता. तो म्हणाला की आमच्याकडून होकार, मघाचं बोलणं मनात धरू नका, हिच्यासारखं तोंड घरात असलेलं बरं, निदान आम्ही जिते राहू. सुभेदार गोमाजींकडे बघायला लागले, जुन्या सवयीनं. गोमाजींनी मुंडासं झटकलं, डोक्याला गुंडाळलं आणि म्हणाले, "माझ्याकडं काय बघतोस रे? पोरीला विचार."

आता हे त्या घरात कधी झालं नव्हतं. कुणाला कसं विचारायचं ते कळेना. शेवटी मुरारीच उठला, आवडीपासून दोन हात अंतर ठेवून उभा राहिला आणि म्हणाला की मी महाडला दोन खोल्यांत राहतो, सकाळची पाळी असली की पहाटे निघतो, रागीट नाही, पण काकांसारखं बोलायला येत नाही. तुमाला चालंल काय?

आवडीनं खांब धरला.

"चालंल," ती म्हणाली. तोंडातून आवाज बारीक आला, म्हणून तिनं पुन्हा म्हटलं, "चालंल मला."

गोमाजी म्हणाले की उद्या सकाळी आपणच पोलादपूरला जाऊन त्या दुकानदाराला सांगून येतो, निरोपाची भानगड नको. हे ऐकलं आणि आवडी आत गेली. माजघरात आल्यावर तिच्या छातीवरून जातं उचलून ठेवावं तसं झालं. ती भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि उगाच हसत राहिली. बाहेर कोंडाजी सुपारी कातरत लग्नाचा महिना ठरवत होता, सुभेदार वैशाख म्हणत होते, तो फाल्गुन म्हणत होता.

सकाळपासून तिच्या पोटात घोटभर चहाशिवाय काही गेलं नव्हतं. राहीबाईंनी कोंबडीचा रस्सा आणि भाकरी तिच्यापुढे ठेवली. पाहुण्यांच्या आधी पोरीला वाढायची रीत नाही, पण त्या दिवशी रीत पाहायला कुणाला सवड नव्हती. आवडी खात सुटली. भाकरीचा तुकडा मोडायचा, रश्शात बुडवायचा, गिळायचा.

"हळू खा गो," राहीबाई म्हणाल्या, "ठसका लागंल."

आवडीनं मान हलवली आणि दुसरी भाकरी ओढून घेतली.